यंदा राह्यतं का?

आमच्या ऑफिसात खुर्च्यांच्या रांगेमागून जाताना पुंडलिकभाऊ प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर दोन बोटं टेकवायचे. माणसाला नाही, खुर्चीला. टक. मग पुढची खुर्ची, टक. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, माणूस खुर्च्या मोजतो की काय. मग कळलं की ही गोठ्यातली सवय. बैल दावणीला असताना त्यांच्या मागून जाणारा माणूस प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवत जातो, म्हणजे कोण चाललंय ते जनावराला कळतं आणि ते बिचकत नाही. आम्ही सगळे इंजिनिअर, कॉम्प्युटरच्या पदव्या घेतलेले, आणि आमच्या पाठीमागून असा हात फिरायचा. मी हे आमच्यातल्या नासिरला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, शेपटी तेवढी सांभाळ.

मी टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधणं हाच माझा धंदा. लोणारला घर, तळ्याच्या नाना गोष्टी ऐकत वाढले, पण त्यातल्या एकीवरही कधी विश्वास ठेवला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावर मी स्वतःही दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

ऑफिस मेहकरहून जानेफळकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बंद पडलेल्या एका जिनिंगच्या वरच्या मजल्यावर. खाली अजून कुठं कुठं कापूस चिकटलेला सापडायचा. भाऊ मूळचे जानेफळचे. पुण्यात बरीच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली आणि बायको गेल्यावर गावाकडे परतले. पुण्यातल्या एका मित्राची छोटी कंपनी होती, दवाखान्यांची सॉफ्टवेअरं करणारी. तिचं निम्मं काम भाऊंनी इकडे आणलं. पोरांनी तिकडं जायचं काऊन, काम इकडं येऊ द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. मित्रानं मोकळीक दिली होती आणि भाऊंनी ती पुरेपूर वापरली.

उंच, सडसडीत माणूस. पांढरा हाफ शर्ट. आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागायचं. मी त्यांना रागावलेलं पाहिलं नाही आणि बसलेलंही फारसं पाहिलं नाही.

दाराशी चपला काढायच्या हा त्यांचा नेम. सगळे कामात असले की ते दाराजवळ उभे राहून चपलांकडे बघत राहायचे. जायचा विचार मनात आला की माणूस चपला बाहेर तोंड करून काढतो, त्याला स्वतःला ते माहीत नसतं, असं ते म्हणायचे. एकदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "प्रतिभा चालली." प्रतिभा तेव्हा समोर बसून डबा खात होती आणि भरल्या वांग्याची रेसिपी सांगत होती. तिच्या नवऱ्याची नागपूरला बदली झाल्याचं तिलाच पुढच्या आठवड्यात कळलं. त्यानंतर मी रोज चपला काढल्यावर वाकून बघायची, तोंड कुठं आहे. मुद्दाम फिरवून ठेवायची हिंमत मात्र कधी झाली नाही.

आता आखाजीचं सांगते, कारण भाऊ म्हणजे आखाजी असं आमच्या डोक्यात बसलेलं आहे. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. त्या दिवशी घरोघरी, गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर भरतात, पाण्यात वाळा टाकतात, वर आंबा ठेवतात. उन्हाळ्याचे दिवस, त्यांना तहान लागू नये. आणि काही शेतकरी घरांत त्याच दिवशी सालदाराचं साल संपायचं. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेला गडी. मालक त्याला ओसरीवर बसवून पाणी द्यायचा आणि विचारायचा, यंदा राहतोस का. हो म्हणाला तर चपलेचा नवा जोड आणि नवं साल सुरू. नाही म्हणाला तर पोटभर जेवून मोकळा.

भाऊंनी हे जसंच्या तसं ऑफिसात आणलं होतं. आखाजीला सकाळी अर्धा दिवस काम. मागच्या निंबाखाली दोन खुर्च्या, एक तांब्या, एक पेला. एकेकाला बोलावणं यायचं. माझी पहिली पाळी आली तेव्हा मी वर्षभराच्या कामाचा हिशेब पाठ करून गेले होते. भाऊंनी पेला पुढे केला.

"पाणी पे, वर्षाबाई. यंदा राह्यतं का?"

बस, एवढंच. मी हो म्हणाले. मग त्यांनी विचारलं, राहायचं तर काय काय अडते ते सांग. त्या दिवशी निंबाखाली माणूस काहीही बोलू शकायचा. मी लोणारच्या शेवटच्या बसचं रडगाणं गायलं, आणि दुसऱ्या दिवसापासून माझी वेळ एक तास अलीकडे आली. नासिरनं सांगितलं की रोज रोज दवाखान्यांचे फोन घेऊन डोकं उठतं. त्याचे फोन भाऊ स्वतः घ्यायला लागले. कुणी नाही म्हणाला तर भाऊ त्याचा पेला पालथा घालायचे, दुपारी जानेफळच्या घरी पुरणपोळी आणि आमरस जेवू घालायचे आणि स्वतःच्या गाडीवर बसवून स्टँडवर सोडायचे. नव्या ठिकाणच्या साहेबांना फोनही करायचे, पोरगं चांगलं आहे, सांभाळा. राहणाऱ्यांना चपला. मेहकरच्या एकाच दुकानातल्या, एकाच नमुन्याच्या. आम्ही गावात कुठंही भेटलो तरी पायांवरून ओळखू यायचो. लग्नाच्या मांडवाबाहेर तर फारच पंचाईत व्हायची.

नवल म्हणजे, वर्षाच्या बाकीच्या दिवसांत कुणी जायचंच नाही. पुण्याच्या ऑफिसात लोक धर्मशाळेत यावेत तसे येत-जात होते आणि आमच्याकडे तीच माणसं, तीच खुर्ची. तिकडचे लोक फोनवर विचारायचे, तुम्ही असं करता तरी काय. भाऊ म्हणायचे, इचारतो. पुण्यातल्यांना त्यांच्या बोलण्याचं हसू यायचं, त्यामुळे काय म्हणाले तिकडे कुणी लक्षच द्यायचं नाही.

हे विचारण्याचं वेड कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. दुपारी लाइट गेली होती, बॅटरी संपली होती, सगळ्या कॉम्प्युटरचे पडदे काळे. आम्ही घाम पुसत बसलो होतो आणि भाऊ खिडकीशी उभे होते.

त्यांच्या लहानपणी घरी किसन नावाचा सालदार होता. बैलांचा फार लळा असलेला. पोळ्याच्या दिवशी सगळ्या गावासमोर भाऊंचे वडील त्याला काहीतरी टाकून बोलले. दुसऱ्या दिवशी किसन नव्हता. सालाच्या मध्येच, कुणाला न सांगता गेला. घोंगडी तिथंच, भाकरीचं फडकं तिथंच. वडील म्हणाले, जाईल कुठं, येईल पोटाच्या पायी. तो आला नाही. पण त्या संध्याकाळपासून गोठ्यात एक गोष्ट व्हायला लागली. दिवेलागणीला बैल माना वळवायचे. आधी पहिला, मग दुसरा, मग तिसरा, रांगेनं. मागून कुणी पाठीवर हात ठेवत चाललं असावं तशा. मागे कुणी नसायचं. हे रोज चाललं. तो मेला असं समजून भाऊंच्या आईनं आखाजीला त्याच्या नावाची घागर भरायला सुरुवात केली.

आणि एका आखाजीला किसन आला. जिवंत, वाळलेला. ओसरीवर टेकला, घागरींच्या ओळीकडे बघितलं आणि शेवटच्या घागरीकडे बोट करून विचारलं, ही कोणाची. त्यानं ती घागर उचलली, तोंडाला लावली आणि सगळीच्या सगळी प्याला. लई दिवसांची तहान होती माय, म्हणाला आणि निघून गेला. त्या संध्याकाळी बैलांनी माना वळवल्या नाहीत. रात्र व्हायच्या आत निरोप आला की नाल्याकाठच्या बाभळीखाली आडवा झाला तो उठलाच नाही.

"बाबानं त्याले नुसतं इचारलं असतं तरी झालं असतं," भाऊ म्हणाले. "हो म्हणे का नाही म्हणे, तो पुरता तरी गेला असता. न इचारता जाऊ दिलेला माणूस अर्धा इथंच राह्यते, बाई. तहान त्या अर्ध्याले लागते."

लाइट आली. पंखे फिरायला लागले.

पुढे पुण्याच्या मित्रानं कंपनी विकली. घेणारी कंपनी मोठी, तीही पुण्याचीच. त्यांची माणसं एकदा येऊन गेली. दाराशी बूट काढायला लागले तेव्हा एका साहेबांच्या मोज्याला भोक निघालं. तेवढीच आमची करमणूक. मग नियम यायला लागले. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बसलं. हात थांबला की ते नोंद करायचं. नोकरी सोडायची तर तीन महिने आधी नोटीस, आणि नोटीस दिली की लगेच कामातून बाजूला, संशयितासारखं. दर सहा महिन्यांनी कुणाला तरी शेवटचा नंबर द्यायचाच, मग सगळे चांगले असले तरी. आणि आखाजीचं विचारणं बंद.

हे सांगायला मनुष्यबळ विभागाच्या मॅडम पडद्यावर आल्या होत्या. बाई गोड बोलणाऱ्या, खोटं कशाला सांगू. त्या म्हणाल्या, "सर, आपण विचारतो म्हणून जाण्याचा विचार त्यांच्या डोक्यात येतो. विचारलंच नाही तर येणार नाही."

"तो चपलेत असते, मॅडम," भाऊ म्हणाले. "आपण फक्त पाह्यतो."

मॅडम हसल्या आणि पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.

पहिला शेवटचा नंबर नासिरला मिळाला. नासिर मेहकरच्या बांगड्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा. लॅबच्या रिपोर्टांचा सगळा भाग त्याच्या हातचा आणि आम्हा सगळ्यांच्या अडलेल्या कामांचा गुंताही तोच सोडवायचा. त्यासाठी तो अर्धा दिवस दुसऱ्यांच्या खुर्चीमागे उभा असायचा, आणि त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर तेवढा वेळ हात थांबलेला. सॉफ्टवेअरनं तेच बघितलं. भाऊंनी त्या नंबराच्या कागदावर सही करायला नकार दिला, तर पुण्यानं परस्पर नंबर लावून टाकला. त्या संध्याकाळी मी निघताना बघितलं, नासिरच्या चपला बाहेर तोंड करून होत्या. मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनीही बघितलं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. विचारायची मनाई होती.

दुसऱ्या दिवशी नासिर आला नाही. ओळखपत्र खुर्चीला टांगलेलं, धुतलेला डबा टेबलावर. फोन बंद. भाऊ दुकानात जाऊन त्याच्या वडिलांना भेटून आले. ते म्हणाले होते, हैदराबादेला गेला, तुम्हाला विचारून निघणार होता, पण आता विचारायची सोयच राहिली नाही म्हणत होता.

नासिरनं फार पूर्वी एक गंमत करून ठेवली होती. रोज चार वाजता आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आपोआप एक मेसेज यायचा, 'चहा झाला का?' भाऊ कामात असले की चहाला सुट्टी द्यायचं विसरायचे, म्हणून. नासिर गेला, त्याचं खातं बंद झालं, ग्रुपवर त्याच्या नावाच्या जागी नुसतं राखाडी वर्तुळ राहिलं. आणि चार वाजता त्या वर्तुळातून मेसेज आला. चहा झाला का. दुसऱ्या दिवशीही आला. मी शोधलं, पुण्याच्या लोकांनी शोधलं. कुठंतरी विसरलेलं एखादं काम चालू राहिलंय, असं होतं, मी खूपदा पाहिलंय. पण एक दिवस आमचे सगळे सर्व्हर दुरुस्तीसाठी सकाळपासून बंद होते, त्या दिवशीही चारला तो आला. मी त्या दिवशी चहा घेतला नाही.

मग एकेक माणूस जायला लागलं. सगळे तसेच, न सांगता. सोमवारी खुर्ची रिकामी दिसायची आणि आम्ही काय ते समजायचो. पुण्याहून विचारणा व्हायची की लोक का टिकत नाहीत, आणि उपाय म्हणून आणखी एक नियम यायचा.

ती पहिली आखाजी, जेव्हा निंबाखाली खुर्च्या टाकल्या नाहीत. पण जाणाऱ्यांबरोबर आम्हालाही दुपारी जेवायला बोलावण्याचा नेम भाऊंनी सोडला नव्हता. जानेफळच्या घरी ओसरीवर दरवर्षीसारख्या घागरी मांडलेल्या होत्या. आईची, वडिलांची, बायकोची. त्यांच्या पुढे आणखी एक होती.

"ही कोणाची, भाऊ?"

"नासिरची."

माझा संताप झाला. जित्या माणसाची घागर कुणी भरतं का, त्याच्या आईच्या कानावर गेलं तर तिला काय वाटेल, असं मी जेवढं बोलता येईल तेवढं बोलले. भाऊंनी ऐकून घेतलं. घागरीवरचा आंबा जरा सरळ केला.

"ऊन पाह्य किती हाय," एवढंच म्हणाले.

मी न जेवता निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात असताना मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. नासिर. गेल्यापासून पहिल्यांदाच. इकडचं तिकडचं बोलला आणि मग विचारलं, भाऊ बरे आहेत ना. मी म्हणाले, बरे आहेत, का रे.

"काही नाही. काल दिवसभर मले तहानच नाही लागली," तो म्हणाला. "इतक्या उन्हात फिरलो, पाण्याची आठवणच नाही. अन् सारखे भाऊ डोळ्यांपुढं. म्हटलं, बुढ्ढ्याले काही झालं तर नसंन."

मला कालची घागर आठवली. मी भाऊंना फोन नेऊन दिला. ते खिडकीशी गेले. पाठमोरे होते, तरी त्यांचा हळू आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"नासिर, यंदा राह्यतं का बे?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मग भाऊंनी मान हलवली. "ठीक. मंग पुरता जाय. सुखात राह्य."

त्या दिवशी चार वाजता मेसेज आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. नासिरनंच तिकडून बंद केला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तसंच असेल. त्या दिवशी चहा भाऊंनी स्वतः आणून दिला.

यानंतर भाऊंनी मनाई जुमानली नाही. गेलेल्या एकेकाला फोन लावून विचारायला लागले. जे उरले होते त्यांनाही आखाजीची वाट न बघता निंबाखाली बोलवायला लागले. लोक पुन्हा बोलते झाले. एकानं तर खिशातला राजीनामा त्यांच्यासमोर फाडला. पण आम्ही खुर्चीवरून उठलो की ते सॉफ्टवेअर नोंद करतच होतं. संक्रांत होऊन गेली आणि एका दुपारी भाऊंना पडद्यावरच्या मीटिंगला आतल्या खोलीत बोलावलं.

मोठ्या कंपन्यांत एक पद्धत असते. ज्याला काढलं त्याला इतरांत मिसळू द्यायचं नाही, लगेच मागच्या वाटेनं बाहेर न्यायचं. नवा नेमलेला सुरक्षारक्षक दाराशी उभाच होता. भाऊंनी फक्त पुढच्या दारानं जाऊ का म्हणून विचारलं होतं, असं तो रक्षक मला पुढे सांगत होता, सांगताना त्याची मान खाली होती. त्याला तशी परवानगी नव्हती. आम्हाला कळलं तेव्हा भाऊ मागच्या जिन्यानं उतरून गेलेसुद्धा होते. राहतोस का, जातोस का, कुणी म्हणजे कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

पुढच्या दाराशी त्यांच्या चपला तशाच राहिल्या. तोंड आत. त्या हलवायला कुणाचा हात धजला नाही.

त्यांच्या जागी पुण्यानं मला नेमलं, कारण सगळ्यात जुनी मीच उरले होते. मी त्यांच्या खोलीत बसले नाही, माझी रांगेतली जागाच ठेवली. पंधरवडा गेला असेल. दुपारची वेळ, सगळे आपापल्या जागी. माझ्या खुर्चीच्या पाठीला काहीतरी टेकलं. टक. मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. शेजारच्या मुलीनं मान वळवली, मागे पाहिलं आणि परत पुढे झाली. मग तिच्या पलीकडच्यानं. मग त्याच्या पलीकडच्यानं. रांगेच्या टोकापर्यंत एकेक मान वळत गेली. मला किसनचा गोठा आठवला.

दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास पुन्हा. मग रोज. मी टेस्टर आहे. पंखे बंद करून पाहिले, खुर्चीचे स्क्रू तपासले, रस्त्यावरून ट्रक जातो का म्हणून खिडकीत उभी राहिले. रस्ता मोकळा होता आणि माझ्या पाठीमागे माना वळत होत्या.

भीती त्या हाताची नव्हती, हात ओळखीचा होता. भीती वेगळीच होती. आखाजी जवळ येत होती आणि भाऊ फोन उचलत नव्हते. वडनेर भोलजीला त्यांची मुलगी दिलेली आहे. तिनं मला सांगितलं, बाबाला किती बोलावते, येत नाही. नुसता बसून असतो. पाणी फार पितो.

आखाजीला मी सकाळीच स्कूटी काढली. ऑफिसच्या दारातल्या त्यांच्या चपला पिशवीत घेतल्या आणि जानेफळला गेले. भाऊ ओसरीवर बसले होते. मी त्यांना बसलेलं इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. शर्ट अंगावर सैल झाला होता. समोर घागरींची ओळ. आई, वडील, बायको आणि शेवटी एक नवी कोरी, ओली, वर आंबा ठेवलेली.

"ही कोणाची, भाऊ?"

त्यांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "संक्रांतीपासून लई तहान लागून राह्यली, बाई," म्हणाले आणि त्या घागरीकडे हात नेला.

नाल्याकाठची बाभूळ माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. मी धावतच स्वयंपाकघरात गेले, माठातून पेला भरला आणि आले. त्यांचा हात घागरीच्या गळ्याशी पोचला होता. आंबा खाली काढून ठेवलेला होता. मी पेला मध्ये धरला. विचारायचा हक्क मला होता की नाही कोण जाणे. पण आता त्या ऑफिसची प्रमुख मीच होते, दुसरं कुणी विचारणारं नव्हतं.

"पाणी प्या, भाऊ. यंदा राह्यता का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. निंबाखाली ते बघायचे तसंच, आपलं उत्तर आपल्याआधी त्यांना माहीत असल्यासारखं. मग घागरीवरचा हात निघाला आणि पेल्याकडे आला. सगळं पाणी सावकाश प्याले.

"नाही," ते म्हणाले. थोडं थांबले. "नाही राह्यत, वर्षाबाई."

मी पेला पालथा घातला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि मीही हमसाहमशी रडत होते, त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांनी ती घागर उचलून अंगणातल्या तुळशीत ओतली. मी पिशवीतून चपला काढल्या आणि उंबऱ्याशी ठेवल्या, बाहेर तोंड करून. त्या बघून ते चक्क हसले.

त्या दिवशी स्वयंपाक मी केला. पुरणपोळी फाटली, त्यांनी नावं ठेवत ठेवत दोन खाल्ल्या. ऊन उतरल्यावर त्यांनी एका पिशवीत कपडे भरले आणि लेकीला फोन केला. मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून स्टँडवर नेलं. खामगावची गाडी लागलेली होती, तिथून पुढं वडनेर. ते चढले. मागे वळून काही पाहिलं नाही. खिडक्यांच्या ओळीतून मला ते दिसत होते. गाडी अर्धी रिकामी होती, पण ते पार शेवटच्या सीटपर्यंत गेले, आणि जाताना प्रत्येक सीटच्या पाठीवर दोन बोटं टेकवत गेले. पुढच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्यानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. गाडी हलली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात दुपार झाली. त्या सुमाराला माझे हात आपोआप थांबले. शेजारच्या मुलीचेही थांबलेले होते, तिच्या पलीकडच्याचेही. नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरनं तेवढी नोंद केलीच असेल. पाठ किंचित मागे टेकून आम्ही सगळे बसून राहिलो. खुर्चीला काही लागलं नाही. बऱ्याच वेळानं कुणीतरी टाइप करायला लागलं, मग दुसरं, आणि इतके दिवस आम्ही त्या हाताला घाबरत नव्हतो, त्याची वाट बघत होतो, हे माझ्या लक्षात आलं.